मधल्या खोलीचं रीडिंग

विनिपेग, ७ एप्रिल २०२४

प्रिय पप्पा,

सलाम. मी सुखरूप पोचलो. इथं अजून बर्फ आहे. तुमच्याकडं चाळीसच्या वर गेलं म्हणे. एकाच जगात राहतो आपण, यावर विश्वास बसत नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आई मला पडद्यावर बघितलं की रडते, मग दोन तास तिला धाप लागते. म्हणून आपली जुनी पद्धतच बरी. तुम्ही कागदावर लिहा, फोटो काढून पाठवा. तुमचं अक्षर बघितलं की घरी आल्यासारखं वाटतं.

आता कामाचं. आईच्या खोलीत एसीसमोर भिंतीवर मी जी पांढरी डबी बसवली तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ती खोली मोजते आणि एसीला सांगते, चालू हो, बंद हो. चोवीसवर ठेवलाय, तो हलवू नका. डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? लकवा मारला तेव्हा आईच्या मेंदूतला अंगाचं तापमान राखणारा भागच गेला. तिला घाम येत नाही. खोली तापली की ती तापणार. तिच्या अंगातलं काम आता त्या डबीनं करायचं.

ती डबी तिचे आकडे कंपनीच्या सर्व्हरकडं पाठवते. त्या सर्व्हरला एक दार असतं, त्याला एपीआय म्हणतात. माझ्याकडं त्याची चावी आहे. मी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. तो दर पंधरा मिनिटांनी जाऊन विचारतो: नेवाशाचं घर, मधली खोली, किती तापमान, किती दमटपणा, कुणी हललं का, दार किती वेळा उघडलं, किती युनिट जळाले? आणि उत्तर माझ्याकडं आणतो. ऑफिसात मी हेच करतो, शाळांच्या आणि दुकानांच्या इमारतींसाठी. आता आपल्या घरासाठी करतोय, एवढाच फरक.

एक वाईट बातमी. इथल्या कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट जमा करावा लागला. सहा ते आठ आठवडे मिळणार नाही. तोवर मला इथून हलता येणार नाही. म्हणून म्हणतो, चोवीस.

तुमचा,
रॉबिन

---

नेवासा, ११ एप्रिल २०२४

चि. रॉबिन यास,

अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा तुझ्या आईला मोठ्यानं. मी मोठ्यानं वाचलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, त्यामुळं समोरच्या भीमाबाईनंही ऐकलं. ती म्हणाली, "दादा, पोरगं तिकडं बसून हितलं ऊन मोजतंय व्हय? मंग तिकडनं थोडा बर्फ धाड म्हणावं."

एपीआयचं मला अर्धंच कळलं. जे कळलं ते असं: तू दार वाजवतोस, चावी दाखवतोस, आणि आतला माणूस न बोलता आकडा हातावर ठेवतो. अरे, मग एवढं शिकून केलंस काय? तुझ्या बापानं चौतीस वर्षं हेच केलं, फक्त सायकलवरून. मीटर रीडरचा पोरगा मीटर रीडर निघाला. खाण तशी माती.

पण ऐक. आकडा उतरवणं हे अर्धं काम. आकड्याच्या मागचं घर दिसलं पाहिजे. मला दिसायचं. युनिट वाढले की मी विचारायचो, लेक बाळंतपणाला आली का? कमी झाले की विचारायचो, म्हातारं दवाखान्यात आहे का? काष्टीला होतो तेव्हा एक बाई एकटी राहायची. नवरा गेला आणि युनिट कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आत जाऊन बघतो तर रिकाम्या बाजेवर टेबलफॅन चालू. दिवसभर. मी आकडा लिहिला आणि बाहेर आलो. मनात म्हटलं, वेडी आहे बिचारी.

आणखी एक गोष्ट तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी सांगतो. आमच्यातले कितीतरी जण पारावर बसून, चहा पीत, अंदाजानं आकडे लिहायचे. मी एकही आकडा पारावर बसून लिहिला नाही. दारात जायचं, हाक मारायची, मीटर डोळ्यांनी बघायचं, मगच पेन उघडायचं.

तुझ्या आईचं बरं आहे. बोलता येत नाही पण सगळं कळतं. उजवा पाय चांगला हलतो. भीमाबाई अंग पुसताना मुद्दाम तळव्याला गुदगुल्या करते, आणि ही पाय झटकन वर ओढून हसते. अर्धंच तोंड हसतं, पण हसते. मी रोज बघायला उभा राहतो.

खोली चोवीसवर आहे.

तुझा,
पप्पा

---

विनिपेग, १४ एप्रिल २०२४

प्रिय पप्पा,

सलाम. तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसलो. शेजारी बसणाऱ्यानं विचारलं, काय झालं? वडिलांनी मला नापास केलं, म्हटलं.

तुम्ही म्हणता तसं आता मलाही घर दिसायला लागलंय. ऐका. रोज सकाळी सातला एसी वीस मिनिटं बंद होतो आणि खोलीतला दमटपणा एकदम वर जातो. भीमाबाई गरम पाण्यानं आईला पुसतात, गारठा लागू नये म्हणून तुम्ही मशीन बंद करता, बरोबर? ती वाफ मला इथं दिसते. रोज संध्याकाळी जेवायला बसताना मी तेवढा एक आकडा उघडतो. त्या वीस मिनिटांत आई पाय ओढून हसत असणार, हे आता कळलं. दिवसाला अकरा-बारा युनिट जळतात. दार तीस-चाळीस वेळा उघडतं. म्हणजे तुम्ही एका जागी बसत नाही.

एक अडचण आहे. खोली अठ्ठावीसच्या वर गेली की माझ्या फोनवर घंटा वाजेल असं करून ठेवलंय. पण तुमच्या दुपारी तीनला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट डबीवर पडतं, आणि खोली गार असतानाही ती एकोणतीस दाखवते. तेव्हा इथं पहाट असते. गेले चार दिवस रोज खोटी हाक येतेय. खिडकीला काही लावता येईल का?

तुमचा,
रॉबिन

---

नेवासा, १९ एप्रिल २०२४

चि. रॉबिन,

आशीर्वाद. खिडकीला गोणपाट लावलंय. वाऱ्यानं उडतं, परत लावतो.

पण तू ती घंटा बंद कर बघू. रोज झोपमोड करून आजारी पडशील आणि मग तुझं रीडिंग कोण घेणार? कुठलाही मीटर रीडर झोपेत रीडिंग घेत नाही. मी इथं आहे ना. हिच्यापासून चार हातांवर माझी खाट आहे. सकाळी उठल्यावर बघत जा.

आई तुझं नाव ऐकलं की दाराकडं बघते. पासपोर्टचं काय झालं ते कळव.

तुझा,
पप्पा

---

विनिपेग, ३ मे २०२४

पप्पा,

काल दुपारी काय झालं? सव्वा वाजल्यापासून साडेचारपर्यंत एसी बंद दिसतोय. इन्व्हर्टरवर वायफाय चालू होतं म्हणून डबी आकडे पाठवत राहिली. खोली छत्तीसवर गेली होती. हे मला सकाळी उठल्यावर दिसलं. शेजारच्या भावजींच्या नंबरवर फोन लावला, कुणी उचलला नाही. तुमच्या फोनवर तीनदा रिंग गेली.

आई कशी आहे? एक ओळ लिहा. फक्त एक ओळ.

रॉबिन

---

नेवासा, ६ मे २०२४

चि. रॉबिन,

आशीर्वाद. घाबरू नकोस. उन्हानं डीपीवरचा जंप, म्हणजे जोडाची तार, तुटला होता. मी स्वतः सबस्टेशनला जाऊन लाईट आणली. भीमाबाई हिच्याजवळ बसून होती, ओल्या फडक्यानं पुसत होती. पंखा चालू होता. आता सगळं ठीक आहे.

फोन मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. भावजी लग्नाला गेले होते. पत्राला उशीर झाला, धावपळ होती.

तू कामात लक्ष दे. पासपोर्ट येईपर्यंत कसलाही विचार करू नकोस. खोली चोवीसवर आहे.

पप्पा

---

विनिपेग, १२ मे २०२४

प्रिय पप्पा,

सलाम. तुमचं पत्र मिळालं. जिवात जीव आला.

सहज विचारतो. दहा दिवस झाले, सकाळी सातची वाफ दिसत नाही. एसीही बंद होत नाही. युनिट साडेआठवर आलेत, खरं तर ऊन वाढलंय. भीमाबाई येत नाहीत का? आईला कोण पुसतं?

काही असेल तर सांगा. पासपोर्ट अजून नाही आला.

तुमचा,
रॉबिन

---

नेवासा, १५ मे २०२४

चि. रॉबिन,

आशीर्वाद. भीमाबाई लेकीकडं खर्ड्याला गेली होती. मी आपलं ओल्या रुमालानं भागवत होतो. मला कुठं तसं जमतं. ती काल आली. उद्यापासून सातला नेहमीसारखं होईल.

युनिट कमी झाले कारण मी दार कमी उघडतो. तूच लिहिलं होतंस, तीस-चाळीस वेळा उघडतं.

काळजी नको.

पप्पा

---

विनिपेग, २० मे २०२४

प्रिय पप्पा,

सलाम. सातला वाफ दिसते आहे. बरं वाटलं.

आईला सांगा, रॉबिननं विचारलंय.

पासपोर्टचं अजून काही नाही.

रॉबिन

---

विनिपेग, ९ जून २०२४

प्रिय पप्पा,

सलाम. हे पत्र मी तीन आठवडे लिहितोय. आज पाठवणार आहे. बसून वाचा, आणि कुणाला मोठ्यानं वाचून दाखवू नका.

पासपोर्ट सतरा मेलाच आला. वीस तारखेच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. टेबलाच्या खणात पडून आहे. मी तो उघडूनही बघितला नाही. पासपोर्ट आला म्हणालो असतो तर तुम्ही मला बोलावलं असतं. आणि मी आलो असतो तर दारातच कळलं असतं.

पप्पा, आई गेली ना?

मला तीन मेपासून माहीत आहे. ही डबी माझ्या हातानं बसवलेली आहे आणि मी तुमचा मुलगा आहे. दोन मेपर्यंत त्या खोलीत अकरा-बारा युनिट जळायचे. माणसाच्या अंगाची ऊब असते, तिचा श्वास असतो, तुमची ये-जा असते, ते सगळं त्या आकड्यात होतं. तीन तारखेला माणसांची इतकी हालचाल होती की डबीला मोजता येईना. दार दोनशे वेळा उघडलं. दुपारी साडेचारला सगळं एकदम थांबलं. नंतर खोली सपाट झाली. चोवीस, चोवीस, चोवीस. इतकं सरळ चोवीस कुणी राहत असलेल्या खोलीत येत नाही.

मी कुणालाही विचारलं नाही. चुलतबहीण एंजलला विचारता आलं असतं, चर्चच्या पाळकांना विचारता आलं असतं. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं. बारा तारखेला मी तुम्हाला वाफेबद्दल विचारलं ते तुम्ही सांगावं म्हणून. तुम्ही लिहिलंत, उद्यापासून सातला होईल.

आणि सोळा तारखेला वाफ आली. पप्पा, मी काय सांगू. आकडा वर गेलेला बघितला आणि मी खुर्चीवरून उठलो. वाटलं, मीच चुकलो. मीच मनानं आईला मारून टाकलं. खोलीभर फिरलो. त्या संध्याकाळी मी दोन माणसांचा भात शिजवला, का ते माहीत नाही. एक अख्खा दिवस माझी आई जिवंत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं, वाफ आहे पण एसी बंद झालेला नाही. तुम्ही तिला कधीही चालू मशीनखाली पुसू दिलं नसतं. मग मला दिसलं तुम्ही काय करताय ते. रिकाम्या खोलीत गरम पाण्याची बादली ठेवताय. माझ्यासाठी.

काष्टीच्या बाईचा पंखा आठवला.

मग मी गप्प का राहिलो, असं तुम्ही विचाराल. पहिलं कारण लाजेचं. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, मीच कंटाळलो होतो म्हणून त्या घंटेला मी वीस एप्रिलला गप्प केलं. माझ्या रात्री वाजायची नाही असं करून टाकलं. दोन मेला तिनं हाक मारली असती. पहिल्या पाऊण तासातच मारली असती. मी पाळकांना, एंजलला, कुणालाही उठवलं असतं, चार माणसं बोलावून आईला गाडीत घालून नगरला नेलं असतं. मी झोपलो होतो. त्या दुपारचे आकडे मला पाठ आहेत. पावणेदोनला अठ्ठावीस. अडीचला बत्तीस. चारला छत्तीस. प्रत्येक आकडा सर्व्हरवर पोचला, प्रत्येक आकडा माझा प्रोग्राम घेऊन आला, आणि फाइलमध्ये नीट ठेवून गेला. एकही चुकला नाही. माझ्या आईच्या मरणाची माझ्याकडं संपूर्ण नोंद आहे.

दुसरं कारण असं की त्या खोलीत रोज सातला आणि संध्याकाळी कुणीतरी हलतं. दहा-पंधरा मिनिटं. ते तुम्ही आहात. मला वाटलं, मी बोललो तर तुम्ही मशीन बंद कराल, आणि मग मला तेवढंही दिसणार नाही.

पप्पा, त्या दिवशी काय झालं ते मला लिहा. खरं लिहा. आकडे मला माहीत आहेत, बाकीचं काहीच माहीत नाही.

रॉबिन

---

नेवासा, १६ जून २०२४

माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसलो. भीमाबाई म्हणाली, "दादा, रडताय का?" मी म्हणालो, पोरगा माझ्यापेक्षा चांगला रीडर निघाला.

आई गेली. दोन मेला गेली. तीन तारखेला दुपारी आपल्या दफनभूमीत पुरलं, तुझ्या आजीच्या शेजारी. मी पाळकांना सांगितलं, माझ्या पोराचा पासपोर्ट अडकलाय, तो सुटेपर्यंत कुणी त्याला कळवायचं नाही. त्यांनी ते मंडळीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं. दोनशे माणसं तुझ्याशी खोटं वागली, माझ्या शब्दाखातर. त्यांच्यावर राग धरू नकोस. तू येऊ शकत नव्हतास, आणि तिथं एकट्या खोलीत रडला असतास. तुझ्याजवळ पाणी द्यायलाही कुणी नाही. मी बाप आहे, मला दुसरं काही सुचलं नाही.

आता त्या दिवसाचं. खरं लिहितो.

सव्वा वाजता लाईट गेली. मी वीस मिनिटं वाट बघितली. खिडकीतून डीपीकडं बघितलं तर जंप लोंबकळताना दिसला, आणि मला वाटलं, हे तर अर्ध्या तासाचं काम. चौतीस वर्षं मी हेच बघत आलो. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून स्वतः जायचं ठरवलं. इथंच चुकलो. चार माणसं बोलवायला पाहिजे होती. हिला उचलून दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मी विजेचा माणूस. माझ्या घरची लाईट गेली तर मी लाईट आणणार, बायकोला उचलून पळणार नाही. एवढाच माझा विचार झाला. भीमाबाईला जवळ बसवलं, ओली चादर टाकली आणि निघालो. जाताना हिला सांगितलं, आलोच, लाईट घेऊन येतो. तिनं दाराकडं बघितलं.

सबस्टेशनला ओळखीचं कुणी राहिलं नाही. सगळी नवी पोरं. तीन ठिकाणी जंप तुटले होते, त्यांची गाडी एकच. पोरं वागायला चांगली होती, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगत होतो, घरी पेशंट आहे. ती काहीतरी सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता निघतील, आता निघतील. उठून घरी यावं तर वाटायचं, मी उठलो की आपला नंबर मागं जाईल. असे दोन तास गेले. शेवटी गाडी निघाली तेव्हा मी मागून चालत आलो.

घरी पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. लाईट आधीच आली होती. एसी चालू होता. भीमाबाई बर्फ शोधायला स्टँडकडं गेली होती. मी दारातूनच ओरडलो, मार्था, आली बघ लाईट. आणि डबीकडं बघितलं. चोवीस दाखवत होती.

ही डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, दुपारभर तापली, आता गार वाटून झोप लागली. रॉबिन, मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिला सगळं सांगितलं. कसा गेलो, कोण भेटलं, पोरं कशी खुर्ची देतात, गाडी कशी पुढं काढायला लावली. थोडी फुशारकीही मारली. अर्धा तास बोललो. हात लावला नाही. उन्हातून आलेलो, माझे हात भट्टीसारखे तापले होते. म्हटलं, गार झोपलीय, कशाला चटका द्यायचा.

मग भीमाबाई बर्फ घेऊन आली. तिनं सवयीनं एक खडा तळव्याला लावला. जरा थांबली, परत लावला. आणि म्हणाली, "दादा, बाई पाय वढंना की वं."

एवढंच. लाईट येण्याआधी केव्हातरी गेली असणार. मशीननं मागाहून खोली गार केली, तिच्यासकट. चोवीसचा आकडा खरा होता, त्यात काही खोट नव्हती. मी जन्मभर लोकांना सांगितलं, आकडा उतरवणं अर्धं काम, मागचं घर बघा. आणि स्वतःच्या घरात आकडा वाचून बसलो.

तुझ्या घंटेचं मनातून काढून टाक. ती मीच बंद करायला लावली, माझं पत्र काढून बघ. मी इथं आहे ना, असं लिहिलंय त्यात. मी इथं नव्हतो. तू झोपला होतास हा गुन्हा नाही. माझा आहे. आणि तो कुणी वाटून घेऊ शकत नाही, तूसुद्धा नाही.

त्यानंतर चव्वेचाळीस दिवस मी खोटं रीडिंग दिलं. पारावर बसून नाही, तिच्या खोलीत बसून. सकाळी पाणी तापवायचं, बादली खाटेपाशी ठेवायची, पंधरा मिनिटं बसायचं. एसी बंद करायचं लक्षातच आलं नाही. कुणाला गारठा लागणार होता? काष्टीच्या त्या बाईला मी मनात वेडी म्हणालो होतो. तिची माफी मागायला आता ती कुठं असेल.

काल संध्याकाळी मशीन बंद केलं. हा आकडा मी आता देऊ शकत नाही, बाळा, तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुझा प्रोग्राम दार वाजवेल तेव्हा खोली तापलेली दिसेल, युनिट शून्य दिसतील. घाबरू नकोस. मी जिवंत आहे, पुढच्या खोलीत झोपतो. तुला यायचं तर ये, नाही जमलं तरी मी काही म्हणणार नाही. आलास तरी तुला मातीच दाखवू शकतो, आणि ती अजून खचली नाही म्हणून दगडही बसवलेला नाही.

आज सकाळी उठलो, पाणी तापवलं, बादली उचलून आत नेली आणि खाटेपाशी ठेवली. मग आठवलं की आता कुणी बघत नाही. तरी पाणी निवेपर्यंत बसून राहिलो.

तुझा,
पप्पा